सॅन फ्रान्सिस्कोत राहता? स्टेट सिनेटचं मत असं द्या

नवीन सिटिझन झालात आणि सॅन फ्रान्सिस्कोत राहताय, तर पहिला घोळ ११ या आकड्याचा. शहराच्या सुपरवायझरांचे (आपल्या नगरसेवकांसारखे) ११ डिस्ट्रिक्ट, म्हणजे मतदारसंघ, त्यातला अकरावा एक्सेल्सिअरच्या बाजूचा. काँग्रेसचा, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेचा, डिस्ट्रिक्टही ११, नॅन्सी पेलोसीबाईंचा म्हणून ओळखला जाणारा. आणि स्टेट सिनेटचा, म्हणजे कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचाही ११च! आपण बोलतोय ते या शेवटच्याबद्दल, यात अख्खं शहर आणि खाली सॅन मटेओ काउंटीचा थोडा तुकडा येतो, त्यामुळे सनसेटला राहा नाहीतर मिशनला, सिनेटर एकच. अख्ख्या राज्यात सीटा फक्त ४०, म्हणजे एकामागे दहा लाखाच्या आसपास लोक, काँग्रेसवाल्यापेक्षाही जास्त. आणि आपली विधान परिषद डोक्यात ठेवून बघू नका, इथे सिनेटर थेट लोकच निवडतात, ४ वर्षांसाठी. विषम नंबरवाल्यांची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्याच वर्षी असते, मागची २०२४ ला झाली, पुढची २०२८ ला. मध्येच सीट रिकामी झाली तर पोटनिवडणूक.

आता खरी मेख. पक्ष बघून शिक्का मारायची सवय असेल तर इथे पंचाईत होते, कारण २०१० च्या प्रॉप १४ नंतर (लोकांनीच मत देऊन मंजूर केलेला नियम) प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या आधीची पहिली फेरी, सगळ्यांची एकत्रच होते आणि पहिले दोघं नोव्हेंबरला भिडतात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. याच सीटला २०१६ ला स्कॉट वीनर आणि जेन किम, दोघंही डेमोक्रॅट! प्रायमरीत किम किंचित पुढे होती, नोव्हेंबरला वीनर निसटता जिंकला. २०२० ला परत तेच, वीनरसमोर जॅकी फील्डर, तीही डेमोक्रॅट. त्यामुळे नावापुढचा पक्ष सोडा, माणूस मॉडरेट (मधल्या वाटेच्या) गटातला की प्रोग्रेसिव्ह (जास्त डावीकडच्या) ते बघा, आणि मुख्य म्हणजे घरांबद्दल काय म्हणतो ते, कारण या शहरात भांडण तिथेच आहे. वीनरचं २०१७ चं एसबी ३५ (सिनेट बिल ३५) बघा, जिथे राज्याने ठरवल्याइतकी घरं बांधली जात नाहीत तिथे नियमात बसणाऱ्या प्रोजेक्टला शहराने अडवून धरायचं नाही असा कायदा. भाडं भरणारा आणि घर घेऊन बसलेला, दोघांची मतं यावर वेगळी असणार, तुम्ही कुठल्या बाजूला ते आधी ठरवा. आणि प्रायमरी चुकवू नका बरं का, नोव्हेंबरला या रेसमध्ये तिसरं नाव हाताने लिहून चालत नाही.

मतपत्रिका पोस्टाने घरीच येते. मेयर, सुपरवायझर वगैरे शहराच्या पदांना पहिली पसंती, दुसरी पसंती असे रकाने असतात, सिनेटला तसलं काही नाही, एकच गोल भरायचा, दोन भरलेत तर त्या रेसचं मत बाद. मग पाकिटावर सही करा, ही लोक हमखास विसरतात, आणि सही रेकॉर्डशी जुळवून बघतात तेव्हा लायसन्सवर मराठीत सही केली असेल तर इथेही मराठीतच करा. पोस्टात टाकणार असाल तर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा शिक्का पाहिजे, शेवटच्या दिवशी पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि पत्रं उचलायची वेळ गेलेली असली तर काय करणार, त्यापेक्षा सरळ ड्रॉप बॉक्स (मतपत्रिका टाकायची सरकारी पेटी) नाहीतर सिटी हॉल गाठा. रजिस्ट्रेशनची मुदत १५ दिवस आधी संपते, पण ती हुकली तरी सिटी हॉलला किंवा पोलिंग प्लेसला जाऊन त्याच दिवशी रजिस्टर करून मत देता येतं. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र या फंदात अजिबात पडू नका, नसतं लफडं मागे लागेल. पाकीट पोचलं की नाही ते ऑनलाइन बघता येतं, सही जुळली नाही तर निवडणूक ऑफिसातून पत्र येतं, ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात फेकू नका, त्यावर मुदतीत सही करून पाठवलं की मत धरतात.