‘दुधाचा ताप’ म्हणून सोडून देऊ नका

पुण्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मी 28 वर्षं सिस्टर होते. एकदा दत्तवाडीत ओळखीच्या एका बाळंतिणीला बघायला गेले. सहावा दिवस, खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी. सासूबाई म्हणाल्या, “दुधाचा ताप आहे, उतरेल.” पांघरूण सरकवलं तर सडका वास आला. ओटीपोटावर हात ठेवताच पोर कळवळली. ताप 102. तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली. वारेचा तुकडा पिशवीत राहिला होता.

म्हणून सांगते, घरात थर्मामीटर हवाच. पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि वहीत लिहा. मोजायचा तो शेक घेण्याआधी, गरम पाण्याच्या अंघोळीआधी. गरम खीर प्यायल्यावर अर्धा तास थांबा. पॅरासिटामॉल द्यायचीच असेल तर आधी मोजा, नाहीतर खरा ताप झाकला जातो. दूध भरताना अंग जरा कोमट लागतं, पण काटा 100.4 च्या वर गेला की दुधावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अंगावरून जाणं आधी लाल, मग तपकिरी, पुढे पिवळसर-पांढरं होत जातं. वास पाळीसारखाच असतो. घाण वास, पू, ओटीपोटात वाढतं दुखणं ही पिशवीतल्या जंतुसंसर्गाची लक्षणं. सिझरचे टाके रोज उजेडात बघा: लाली पसरतेय का, पाणी येतंय का. त्यावर हळद-तेल लावू नका. लघवीला जळजळ, पाठीत कळ, थंडी वाजणं हेही सांगा.

पिशवीचा संसर्ग घरच्या काढ्याने जात नाही. दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, बहुतेकदा क्लिंडामायसिन आणि जेंटामायसिन. घरी उरलेल्या गोळ्या देऊन बघू नका.

छातीत लाल, दुखरी गाठ आली तरी पाजणं सोडू नका, दूध तुंबलं की गाठ वाढते. पाजून झाल्यावर थंड पाण्याची पट्टी ठेवा. दिवसभरात उतार नसेल तर दाखवा, गोळ्या लागू शकतात.

धाप लागली, छाती धडधडली, लघवी कमी झाली किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर सकाळची वाट बघू नका. 108 लावा. डिस्चार्ज कार्ड आणि तापाची वही घ्या, आणि बाळालाही न्या. त्यालाही तपासून घ्यायला हवं.