किट कारसाठी स्वस्त टर्बो इंजिन निवडताना या चुका टाळा

घरी बांधलेल्या हलक्या गाडीत टर्बो इंजिन बसवण्याचा मोह अगदी रास्त आहे. 600 किलोच्या आसपास वजनाच्या गाडीत 180 अश्वशक्तीचं साधं फॅक्टरी इंजिनसुद्धा भल्याभल्या स्पोर्ट्स कारना मागे टाकतं. पण असे प्रकल्प अर्धवट पडतात ते ताकद कमी पडली म्हणून नव्हे. इंजिन स्वस्तात मिळालं आणि त्याच्यासोबत यायला हवं होतं ते आलंच नाही, हे त्यामागचं नेहमीचं कारण.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसतं सुटं इंजिन विकत घेणं. फोक्सवॅगन समूहाचं 1.8 लिटर, 20 व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन घ्या. गोल्फ, पसाट, ऑडी ए4, ऑक्टाव्हिया अशा कितीतरी गाड्यांमध्ये ते लागलं, त्यामुळे ते सहज सापडतं. पण नंतरच्या वर्षांतल्या गाड्यांमध्ये इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), मीटरचा क्लस्टर आणि चावी हे सगळं एकमेकांशी बांधलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते, इलेक्ट्रॉनिक पेडल असतं. यातलं एक जरी मागे राहिलं, तरी इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं किंवा सुरूच होत नाही. मग स्वतंत्र ईसीयू घ्या, नवं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बनवून घ्या, ट्यूनिंग करून घ्या. वाचवलेले पैसे तिथेच संपतात. म्हणून माझं ठाम मत आहे की शक्य असेल तर चालू स्थितीतली अख्खी डोनर गाडी, म्हणजे जिच्यातून इंजिन काढायचं ती जुनी गाडी, घ्यावी. ठोकर लागलेली असली तरी चालेल, पण इंजिन स्वतः सुरू करून बघता आलं पाहिजे. हार्नेस काढताना वायर कापू नका. प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा आणि फोटो काढा.

दुसरी चूक इंजिनाच्या दिशेची. पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद अशी मांडणी असेल, तर आडव्या बसणाऱ्या इंजिनाला वेगळा गिअरबॉक्स, अ‍ॅडॉप्टर प्लेट, जुळणारं फ्लायव्हील आणि क्लच लागतो. स्टार्टर कुठे येणार हा प्रश्न पुन्हा वेगळाच. आडवं इंजिन त्याच्या मूळ गिअरबॉक्ससकट सीटच्या मागे बसवायचं असेल, तर काम बरंच सोपं होतं. वर सांगितलेलं 1.8 इंजिन दोन्ही प्रकारांत आलं: पसाट आणि ए4 मध्ये लांबीत, गोल्फमध्ये आडवं. ब्लॉक ओळखीचा वाटला तरी माउंट, संप (तळाचं ऑइलचं भांडं) आणि इनटेक (हवा आत नेणारा मार्ग) वेगळे असू शकतात. व्होल्व्होचं बी230एफटी मुळातच मागच्या चाकांच्या गाडीसाठी बनलेलं आणि अतिशय दणकट इंजिन आहे, पण त्याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. बुटक्या बॉनेटखाली त्याची उंची अडते आणि पुढच्या चाकांवर वजन वाढतं. पुठ्ठ्याचा खोका इंजिनाच्या मापाचा करून चासीत ठेवून बघा. स्टिअरिंगचा दांडा कोणत्या बाजूने जातो आणि टर्बो कोणत्या बाजूला लोंबतो, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.

आता तपासणी. इथे घाई करणाऱ्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण ही तपासणी फार खर्चीक नसते. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. टर्बो इंजिनाचा मूळ कॉम्प्रेशन रेशो बऱ्याचदा कमीच ठेवलेला असतो, म्हणून नुसत्या आकड्याने घाबरू नका. चारही सिलिंडरमधला फरक बघा. 10 टक्क्यांहून जास्त असेल तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करून कारण शोधा. ऑइलचं झाकण उघडून आत डोकवा. काळा चिकट गाळ दिसला तर ते इंजिन सोडून द्या. वर सांगितलेल्या 1.8 इंजिनात आणि स्वीडिश साब कंपनीच्या बी205, बी235 इंजिनांत गाळाची तक्रार सर्वांना माहीत आहे: ऑइल उचलणारी जाळी तुंबते, प्रेशर पडतं आणि बेअरिंग व टर्बो दोन्ही जातात.

टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. आडवा किंचित खेळ असतोच, कारण तो ऑइलच्या थरावर फिरतो. पुढे-मागे जाणवण्याइतका खेळ असेल किंवा पाती घराला घासत असतील, तर टर्बो बदलण्याचा खर्च इंजिनाच्या किमतीत धरा. जुन्या टर्बोची ऑइल फीड पाइप आतून जळालेल्या ऑइलने बुजते. ती पुन्हा वापरू नका. नव्या टर्बोच्या गळ्याला फास तीच लावते. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंपही इंजिन बाहेर असतानाच बदला.

उष्णतेचा विचार शेवटी करण्याची सवय असते, ती सोडा. फायबरग्लासची बॉडी, ब्रेकच्या पाइप आणि चालकाचे पाय हे सगळं टर्बोच्या जवळ येतं. हीट शील्डला, इंटरकूलरला (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि त्यातून हवा बाहेर पडायला जागा मोजून ठेवा. संप कापून बुटका करणार असाल, तर आत बॅफल प्लेट (ऑइल हिंदकळू न देणाऱ्या आडोशाच्या पट्ट्या) हव्यातच. वळणावर ऑइल एका बाजूला गेलं की ऑइल उचलणारा पिकअप हवा ओढतो.

बूस्ट, म्हणजे टर्बो देतो तो हवेचा दाब, वाढवण्याची घाई करू नका. आधी गाडी फॅक्टरी बूस्टवर चालवा, फ्युएल प्रेशर आणि वाइडबँड सेन्सरवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) हवा-इंधनाचं मिश्रण बघा, नॉक (इंधन अवेळी पेटून होणारे ठोके) होत नाही याची खात्री करा. क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क सोसतात, हे कळल्यावरच आकडा वाढवा. आणि नोंदणीचे नियम इंजिनाच्या वयावर उत्सर्जनाची अट घालत असतील, तर ती चौकशी डोनर गाडीचा व्यवहार ठरवण्याआधीच करा.