लॅटिन-ग्रीक मुळांवरून इंग्रजी शब्द शिकताय? या चुका टाळा

एका विद्यार्थिनीने तिची शब्दांची वही मला दाखवली होती. एका पानावर ठळक अक्षरांत 'पेड म्हणजे पाय' असं लिहिलेलं, आणि खाली शब्द होते: पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर, सेंटिपीड, पेडिअ‍ॅट्रिशियन. शेवटच्या शब्दासमोर तिने अर्थ लिहिला होता, 'पायांचा डॉक्टर'. तो असतो लहान मुलांचा डॉक्टर. मुलगी हुशार होती, मेहनतीही होती. तिला जसं शिकवलं होतं तसंच तिने केलं होतं: मूळ ओळखायचं, अर्थ जोडायचा, पुढे जायचं.

लॅटिनमध्ये 'पेस' म्हणजे पाय. त्याला प्रत्यय लागताना त्याचं 'पेड' होतं आणि त्यातून पेडल, पेडेस्ट्रियन आले. ग्रीकमध्ये 'पाइस' म्हणजे मूल, त्याचं अंग 'पाइद'. पेडिअ‍ॅट्रिशियन, पेडागॉजी आणि एन्सायक्लोपीडिया हे या दुसऱ्या घरातले. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये मुलांच्या डॉक्टरच्या शब्दात पी-ए-ई-डी ही अक्षरं येतात, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. अमेरिकन स्पेलिंगने मधला ए गाळला आणि दोन्ही मुळं सारखी दिसू लागली. इतकंच नाही, मातीच्या अभ्यासाला पेडॉलॉजी म्हणतात, त्यातला 'पेदॉन' म्हणजे जमीन.

बहुतेक चुकांचं कारण एकच असतं. अनोळखी शब्द फोडून अर्थ काढण्यासाठी आपण मुळं वापरतो, पण त्यांचा खरा उपयोग आहे ओळख झालेला शब्द पक्का करण्यासाठी.

मुळावरून थेट अर्थ ठरवणं

हे मराठी माणसाला समजावणं खरं तर सोपं आहे. 'हृ' या धातूचा अर्थ नेणे, हरण करणे. त्यापासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सगळे शब्द झाले. ज्याला मराठी येत नाही त्याला फक्त 'हृ' आणि 'वि' यांचे अर्थ सांगितले, तर विहार म्हणजे फिरणं हे त्याला कधी सुचेल का? उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, असं संस्कृत व्याकरणात सांगितलं आहे आणि तिथे उदाहरणं याच शब्दांची आहेत. लॅटिनमध्येही नेमकं हेच घडतं.

पाहणे या अर्थाचं 'स्पेक्ट' घ्या. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणं, हे सरळ आहे. रिस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणं, त्यावरून दखल घेणं आणि मग मान देणं. सस्पेक्टमध्ये 'सब' आहे: खालून, चोरून पाहणं, म्हणून संशय. सर्कमस्पेक्ट म्हणजे चहूबाजूंनी पाहणारा, अर्थात सावध. डिस्पिकेबलमध्ये हेच मूळ 'स्पिक' झालं आहे: वरून खाली पाहण्याजोगा, म्हणून तिरस्करणीय. अर्थ आधी माहीत असेल तर ही साखळी इतकी सुरेख जुळते की शब्द पुन्हा विसरत नाही. अर्थ माहीत नसताना मात्र 'मागे पाहणे' यावरून 'आदर' काढता येणार नाही, आणि परीक्षेत बसून तर नाहीच.

म्हणून क्रम उलटा करा. शब्द आधी वाक्यात भेटू दे, संदर्भावरून अंदाज बांधा, शब्दकोशात खात्री करा, आणि मग मूळ पाहा. वहीत मूळ आणि अर्थ यांच्यामध्ये एक ओळ रिकामी ठेवा. मुळापासून आजच्या अर्थापर्यंत शब्द कसा पोहोचला, हे त्या ओळीत स्वतःच्या भाषेत लिहा. ती ओळ लिहिताच आली नाही, तर तो शब्द मुळावरून शिकू नका, वाक्यासकट पाठ करा.

सारखी दिसणारी मुळं एक समजणं

'पेड'सारख्या जोड्या बऱ्याच आहेत. होमोजीनिअसमधला 'होमो' ग्रीक आहे, अर्थ 'समान'. होमिसाइडमधला लॅटिन, अर्थ 'माणूस'. टेरिटरीत जमीन आहे, तर टेररमध्ये भीती.

सगळ्यात फसवी जोडी 'अँटी' आणि 'अँटे' यांची. पहिलं ग्रीक, 'विरुद्ध'. दुसरं लॅटिन, 'आधी'. स्पेलिंगमध्ये शेवटचं अक्षर आय की ई ते बघा, असा नियम सांगितला जातो आणि बहुतेक ठिकाणी तो चालतो. पण अँटिसिपेट या शब्दात आय असूनही मूळ 'आधी'चंच आहे: आधीच पकडणे, म्हणजे पुढचं हेरणे. अँटिकही 'आधी'च्याच घरातला.

'इन'चंही तसंच. इनव्हिजिबलमध्ये तो नकार आहे, इंजेक्टमध्ये 'आत'. इन्फ्लेमेबल म्हणजे 'पेट न घेणारं' असं समजणं तर जिवावर बेतू शकतं, कारण त्याचा अर्थ 'चटकन पेट घेणारं' असा आहे. याच गोंधळामुळे धोक्याच्या पाट्यांवर आता नुसतं फ्लेमेबल लिहिणं पसंत करतात.

संधी न ओळखणं

'उपसर्ग पाठ केले, पण शब्दात सापडतच नाहीत' ही तक्रार मी फार ऐकते. ते सापडत नाहीत कारण ते वेश बदलून येतात. सत् अधिक जन याचं सज्जन होतं, उत् अधिक लास याचं उल्लास होतं. पुढच्या व्यंजनाने मागच्याला आपल्यासारखं करून घेतलं. लॅटिनमध्येही 'इन' पुढे लीगल आला की इल्लीगल, रेग्युलर आला की इर्रेग्युलर, पॉसिबल आला की इम्पॉसिबल. 'अ‍ॅड' तर इतका मिसळतो की ओळखूच येत नाही: अ‍ॅक्सेप्ट, अफेक्ट, अलोकेट, अनाउन्स, अपिअर, अराइव्ह, असिस्ट, अट्रॅक्ट, या सगळ्यांत तो आहे. स्पेलिंगच्या सुरुवातीला ए आणि मग डबल अक्षर दिसलं तर आधी 'अ‍ॅड'चा संशय घ्या. शिवाय अकोमोडेट, अनाउन्स यांसारख्या शब्दांत डबल अक्षर का येतं याचं उत्तरही इथेच मिळतं आणि स्पेलिंग सुधारतं.

स्वरही बदलतात. करणे या अर्थाचं एफ-ए-सी फॅक्टरीत सरळ दिसतं, परफेक्टमध्ये ते एफ-ई-सी होतं आणि एफिशियंटमध्ये एफ-आय-सी. पकडणे या अर्थाचं सी-ए-पी कॅप्चरमध्ये तसंच राहतं, पण अ‍ॅक्सेप्ट, रेसिपिअंट आणि रिसीव्ह यांत तीन निराळी रूपं घेतं. प्राचीन लॅटिनमध्ये जोर शब्दाच्या पहिल्या अवयवावर असे. पुढे उपसर्ग लागला की धातूवरचा जोर जाई आणि त्याचा स्वर दुबळा होई. तेव्हा मुळाचं एकच रूप पाठ करू नका. तिन्ही-चारही रूपं एकाच पानावर, प्रत्येकी एका शब्दासह लिहा.

वहीत मुळं देवनागरीत लिहिणं

ही आपल्याकडची खास चूक. ऑरल आणि ऑरल: एक कानाचा, दुसरा तोंडाचा. पहिला ए-यू-आर ने सुरू होतो, दुसरा ओ-आर ने. देवनागरीत तो फरक पुसला जातो. ग्रीक शब्दांची खूण तर स्पेलिंगमध्येच असते. 'फ'साठी पी-एच, 'क'साठी सी-एच, सायकॉलॉजीतला न उच्चारलेला पी, हे दिसलं की घर बहुधा ग्रीक. उच्चार देवनागरीत लिहा, मूळ मात्र रोमन लिपीतच लिहा.

चुकीच्या जागी तोडणं

हेलिकॉप्टर म्हणजे 'हेली' अधिक 'कॉप्टर' असं बहुतेकांना वाटतं. खरी फोड आहे हेलिको, म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं, आणि प्टर, म्हणजे पंख. टेरोडॅक्टिल या प्राचीन उडत्या प्राण्याच्या नावातला पंख हाच. काही वेळा तर फोड करण्याजोगं नातंच नसतं. पेन लॅटिन 'पेन्ना'वरून, म्हणजे पीस. पेन्सिल आली 'पेनिसिलस'वरून, म्हणजे छोटी शेपूट, त्यावरून कुंचला. दोन्हींनी लिहितात, पण नातं काही नाही. पेन्सिलचं खरं भावंड पेनिसिलिन. आयलंडमधला न उच्चारलेला एस तर चुकूनच आला. शब्द अस्सल इंग्रजी, पण लॅटिनवरून आलेल्या 'आइल'शी नातं आहे असं समजून लोकांनी त्यात एस घातला.

ऐकीव गोष्टींवर विश्वास

सिन्सिअर म्हणजे 'मेणाविना': शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवत, आणि प्रामाणिक शिल्पकाराची मूर्ती मेणाशिवाय असे. ही गोष्ट व्याख्यानांत हमखास ऐकायला मिळते. शब्दकोशकार ती मानत नाहीत. 'सिन्सेरस' म्हणजे शुद्ध, निर्भेळ, एवढंच. सॅलरीचं मिठाशी नातं खरं आहे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मोजून देत, याला प्राचीन लेखनात आधार नाही. गोष्ट फार गोड वाटली की एकदा मोठ्या शब्दकोशातली व्युत्पत्ती उघडून पाहावी.

याचीच दुसरी बाजू म्हणजे जुना अर्थ हाच खरा असा हट्ट. डेसिमेट म्हणजे रोमन सैन्यात दर दहातला एक मारण्याची शिक्षा, म्हणून आजही तो शब्द दहा टक्क्यांसाठीच वापरा, असं म्हणणारे भेटतात. आज त्याचा अर्थ प्रचंड नाश असा आहे. नाइस हा शब्द लॅटिन 'नेस्कियस'वरून आला, म्हणजे अजाण, आणि इंग्रजीत आधी तो 'मूर्ख' याच अर्थाने वापरत. सायन्समध्येही तोच 'जाणणे'चा धातू आहे. म्हणून कोणी 'नाइस' म्हटलं तर रागवायचं नसतं.

संस्कृतशी जोडताना घाई

1786 साली विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात. या नात्याचा आपल्याला मोठा फायदा आहे, आणि तो फारसा कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. हायपो आणि हायपर यांत गोंधळ होतो? हायपो म्हणजे आपला 'उप', हायपर म्हणजे आपलं 'उपरि'. हायपोटेन्शन म्हणजे कमी रक्तदाब आणि हायपरटेन्शन म्हणजे जास्त, हे मग विसरणं शक्य नाही. सबएडिटरला उपसंपादक म्हणतो त्यातले 'सब' आणि 'उप'ही नातलगच. नकाराचा नियमही हुबेहूब आहे: व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्'. अज्ञान, पण अनंत. ग्रीकमध्ये एथिस्ट, पण अ‍ॅनार्की.

मात्र आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नाही. देवाचं नातं लॅटिन 'देउस'शी आहे, ग्रीक 'थिऑस'शी नाही. दिवस आणि डायरीतला 'दिएस' एका घरातले आहेत, पण इंग्रजी 'डे' त्या घरातला नव्हे. मन मानेल तसे शब्द जोडत बसलात तर लक्षात राहील ते चुकीचंच.

शंभर मुळांची यादी पाठ करणं

करू नका. आठवड्याला दोन-तीन मुळं पुरेत, आणि तीही तुमच्या वाचनात त्या आठवड्यात आलेली. पहिला मान उपसर्गांना द्या. वीस उपसर्ग पक्के असले तर शंभर विरळ मुळांपेक्षा जास्त काम होतं.

सगळी इंग्रजी याच वाटेने शिकायला जाणं

रोजची इंग्रजी लॅटिन नव्हे. वॉटर, ईट, हाउस, गो हे अस्सल जर्मानिक कुळातले शब्द. गिव्ह अप, पुट ऑफ, गेट बाय यांचे अर्थ कोणतंही लॅटिन मूळ सांगणार नाही. ते वापरातूनच येतात. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली, विद्वत्तेत लॅटिन होतीच, म्हणून एकेका गोष्टीला दोन-तीन शब्द झाले: किंगली, रॉयल, रीगल. मुळांवरून शिकणाऱ्याकडे यातले जड शब्द आधी जमतात आणि मग तो मित्राला लिहिताना बिगिनऐवजी कमेन्स लिहितो. पाहुण्याला आपण 'पाणी हवं का' असं विचारतो, 'जल हवं का' असं नाही. म्हणून प्रत्येक नव्या लॅटिन शब्दाशेजारी त्याचा साधा इंग्रजी जोडीदार लिहून ठेवा, आणि कोणता कुठे शोभतो ते दोन वाक्यांत.