विद्यापीठात बुरखाबंदी झाली की त्यातलं राजकारण कसं हुडकायचं

व्हॉट्सॅपवर 'अमुक विद्यापीठात बुरखाबंदी' असं आलं रे आलं की आपल्याकडं लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते बरं झालं, दुसरी म्हणते धर्मावर घाला, आणि ऑर्डर दोघांनीबी बघितलेली नसते. सोलापुरातनं विजापूर शंभरेक किलोमीटर, कित्येकांचे पाव्हणे तिकडंच, त्यामुळं कर्नाटकातलं काहीबी इथल्या चहाच्या गाड्यावर त्याच दिवशी पोचतं.

तर आधी बघा, बंदी नेमकी कशावर. हिजाबात डोकं झाकतं, तोंड उघडं असतं, नकाबात डोळे सोडून सगळं झाकलेलं. कर्नाटकातल्या उडुपीच्या कॉलेजातलं भांडण हिजाबचं होतं. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजनं मात्र २०२४ ला हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज सगळं एकाच नोटिशीत कोंबलं, हायकोर्टानं कॉलेजचं ऐकलं, मग ऑगस्टात सुप्रीम कोर्टानं हिजाब, टोपी, बॅजवरची बंदी थांबवली पण वर्गात तोंड झाकून बसायला काय परवानगी दिली नाही. सगळं एकाच पिशवीत भरलेलं दिसलं की कान टवकारायचे.

मग तारीख, पण बातमीची नव्हे, ऑर्डरची. केरळात एमईएस ही मुस्लिमांचीच शिक्षणसंस्था, २०१९ ला तिनं आपल्या कॉलेजात तोंड झाकायला मनाई केली, लोकांना वाटलं श्रीलंकेतल्या बॉम्बस्फोटांमुळं, पण सर्क्युलर १७ एप्रिलचं आणि स्फोट २१ ला! उलट कॉलेजात ठरवून दिलेलाच ड्रेस घालायचा हा कर्नाटक सरकारचा आदेश ५ फेब्रुवारी २०२२ चा, १० तारखेला युपीत मतदान सुरू, आणि कर्नाटकची स्वतःची विधानसभा मे २०२३ ला. नुसत्या तारखांनी काय सिद्ध होत नाही हे मान्य, तरी लिहून ठेवा.

कुणाच्या हातात निर्णय दिलाय तेबी बघायचं. कर्नाटकच्या त्या आदेशात सरकारी कॉलेजात ड्रेस ठरवायचं काम कॉलेज विकास समितीकडं होतं, आणि समितीचा अध्यक्ष कोण, तर तिथला आमदार. आता आमदार मतं सोडून दुसरं काय मोजणार सांगा.

सगळ्यात जास्त वेळ कारणावर घालवा. सुरक्षा, ओळख, शिकवताना चेहरा दिसावा, ही कारणं खोटीच असतात असं नाही. कैरो विद्यापीठानं २०१५ ला प्राध्यापिकांना शिकवताना नकाब नको म्हटलं ते संवादाच्या कारणावर, २०२० ला तिथल्या कोर्टानंबी ते उचलून धरलं (अर्थात २०१३ ला मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचं सरकार गेल्यावरचा इजिप्त तो, हे डोक्यात असू द्या). पण साधा उपाय असताना तो टाळला का, हे विचारा. ओळखच पटवायची असेल तर गेटवर एक मॅडम बसवायच्या, आडोशाला हॉलतिकिटावरचा फोटो नि चेहरा ताडून बघायचा, झालं काम. मेडिकलच्या नीट परीक्षेला असा पेहराव असणाऱ्यांना तपासणीसाठी लवकर यायला सांगतातच की. आणि आपल्याकडची खास टेस्ट म्हणजे एप्रिल-मे, स्कूटीवरच्या निम्म्या पोरी स्कार्फनं तोंड बांधून येतात, जात-धर्म काय बघायला नको. वर्गात कुणीच तोंड झाकायचं नाही असा नियम असेल तर तो स्कार्फलाबी लागला पाहिजे. ऑर्डरीत नुसतं बुरख्याचंच नाव असेल तर मग काय समजायचं ते समजा.

शेवटचं म्हणजे बंदी उठते कधी त्यावर लक्ष ठेवा. सीरियात जुलै २०१० मध्ये विद्यापीठांत नकाबबंदी झाली, त्याच उन्हाळ्यात नकाबवाल्या शेकडो शिक्षिकांना शाळांतनं काढून ऑफिसच्या कामाला लावलं, कारण सेक्युलर ओळख जपायची म्हणे. पुढच्या मार्चमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये तिथला तेव्हाचा अध्यक्ष असद यानं शिक्षिकांवरची बंदी मागं घेतली, वर धार्मिक लोकांना खुश करायला दमास्कसजवळचा कॅसिनोबी बंद केला. म्हणून ऑर्डरचा फोटो डिलीट मारू नका, सरकार अडचणीत आलं की काढून बघा.