शेवटचं नाव आधी: इंजिनिअरिंगच्या पर्यायांची यादी भरताना

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कॉलेज आणि शाखा यांच्या पर्यायांची यादी पसंतीच्या क्रमानं भरावी लागते. त्या यादीतलं सगळ्यात खालचं नाव आधी ठरवा. वरची नावं सुचवायला क्लासच्या सरांपासून भावकीपर्यंत सगळे तयार असतात. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय ही नावं कुणाला सांगावी लागत नाहीत. खालचं नाव मात्र घरातच ठरतं आणि त्याला कसोटी एकच: बाकी काहीच नाही मिळालं आणि हे मिळालं, तर पोर सकाळी डबा घेऊन मनापासून निघेल का? उत्तर 'बघू' असेल तर ते नाव यादीत नको.

हे मी थोरलीच्या प्रवेशात शिकले. तेव्हा आम्ही फॉर्म एका सायबर कॅफेत भरला. तिथल्या मुलानं सांगितलं, "काकू, खात्रीचं वर ठेवा, नाहीतर हातचं जाईल." आम्ही ऐकलं. पहिल्या क्रमांकावर घराजवळचं कॉलेज आणि सिव्हिल ही शाखा गेली, तिला हवं असलेलं इलेक्ट्रिकल चौथ्यावर. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला. पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. नंतर कटऑफ, म्हणजे शेवटची जागा कितव्या क्रमांकावर गेली ते, बघितला तर चौथ्या पर्यायातली जागा तिच्या मागच्या मुलीला मिळाली होती. पोरगी एवढंच म्हणाली, "आई, मी तर सांगलीला जातो म्हणत होतो की." त्या दिवशी तिनं ताट तसंच ठेवलं होतं.

तेव्हा यंत्र काय करतं ते आधी समजून घ्या. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, संगणक गुणक्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती देतो. अवघड कॉलेज वर लिहिल्यानं खालच्या कॉलेजातला तुमचा हक्क कमी होत नाही. त्यामुळे क्रम लावायचा तो आवडीनं, कटऑफच्या उतरंडीनं नाही. समतोल साधायचा तो यादीत कोण कोण घ्यायचं यात.

धाकट्याच्या वेळी आम्ही दोनशे पानी वही घेतली, पट्टीनं चार रकाने आखले: कॉलेज, शाखा, मागच्या तीन वर्षांचा शेवटच्या फेरीचा कटऑफ आणि 'जाणार का?' हा चौथा. कटऑफ राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळतात. त्यात वरचा आकडा गुणक्रमांकाचा असतो, कंसातला पर्सेंटाइलचा. पर्सेंटाइल एकट्यानं बघून फसायला होतं, म्हणून क्रमांकाशी क्रमांक ताडा. रकान्याच्या नावातली अक्षरंही ओळखायला शिका. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची राखीव जागा. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत त्याच हद्दीतली पोरं, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यपातळी. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात. इथं एक गोष्ट बऱ्याच घरांच्या ध्यानात येत नाही: होम युनिव्हर्सिटी घरच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी जिथून झाली त्यावरून ठरते. बारावीला लातूरला ठेवलेल्या पोराची होम युनिव्हर्सिटी नांदेडची होते, मग घर भले कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत असो.

जुने कटऑफ जसेच्या तसे धरू नका. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेनं, चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढत गेल्या. जागा वाढल्या की कटऑफ हलतो.

आता गट. समजा तुमचा क्रमांक २४,००० आहे. ज्या जागा मागच्या वर्षी १२ ते २० हजारांत बंद झाल्या त्या वरच्या गटात, २० ते ३० हजारांतल्या मधल्या गटात, आणि तिन्ही वर्षं ४० हजारांच्या पुढं बंद झालेल्या खात्रीच्या गटात. पर्याय ३०० पर्यंत भरता येतात, पण वहीत ३०० नावं लिहिलेलं घर मी अजून बघितलेलं नाही. आमची यादी ४१ वर थांबली. सगळ्यात जास्त वेळ मधल्या गटाला द्या, प्रवेश बहुतेकांचा तिथंच होतो. चुकतं ते असं की वरची दहा नावं भराभर लिहून होतात, तळाची दोन घाईत टाकली जातात आणि मधलं पोट रिकामं राहतं.

कोल्हापूरच्या पोराला या मधल्या गटासाठी लांब बघायला लागत नाही, हे आपलं भाग्य. सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं, कराडचं शासकीय १९६० पासूनचं. ही दोन्ही अनेकांच्या वरच्या गटात जातील. मधल्या गटासाठी मग गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, ईश्वरपूरजवळचं (पूर्वीचं इस्लामपूर) आरआयटी, वारणानगरचं तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीचं डीकेटीई, शिवाय विद्यापीठाच्या आवारातलाच तंत्रज्ञान विभाग. डीकेटीईकडं बघताना टेक्सटाइल शाखेवर पटकन काट मारू नका. ज्या गावात माग चालतात त्याच गावात ती शाखा शिकायला मिळते, ही साधी गोष्ट नाही.

शाखा आधी की कॉलेज आधी, यावर आमच्या घरात दोन रात्री बोलणं चाललं. पोराच्या बाबांचं म्हणणं मेकॅनिकल. शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाचं ते म्हणणं, त्याला वजन आहे. पोराचं म्हणणं कॉम्प्युटर किंवा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). शेवटी ठरलं की तीन शाखा पोरानं निवडायच्या आणि चौथी कुणी टाकायची नाही. माझं मत विचाराल तर न आवडणारी शाखा मोठ्या कॉलेजात घेण्यापेक्षा आवडीची शाखा मधल्या कॉलेजात बरी. चार वर्षं रोज तेच वाचायचं असतं.

पैशाचा रकाना आम्ही नंतर जोडला, खरं तर तो आधीच हवा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तो आकडा बघा, माहितीपत्रकावर थांबू नका. होस्टेल, मेस, येण्याजाण्याचा खर्च वेगळा लिहा. टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिकवणी शुल्क माफ असलेली, जागा यादीत वेगळा पर्याय म्हणून भरावी लागते. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि ती जागा घेतल्यावर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, म्हणून ती फक्त मनापासून हव्या असलेल्या शाखेलाच लावा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलगी असेल तर 'पुण्याचं परवडणार नाही' म्हणून नाव खोडण्याआधी हा हिशेब मांडा. मुलांसाठी सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ज्या गावात महाराजांनी जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली, त्या गावातल्या पोराची शिष्यवृत्ती अर्ज न भरल्यामुळं हुकली तर फार वाईट वाटतं.

कागद यादीपेक्षा आधी. जातवैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करून ठेवा, जूनमध्ये धावून ती मिळत नाही. नॉन क्रिमिलेअर ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या शेवटी येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. वैधता नसेल तर आरक्षणाची जागा धरून केलेली सगळी यादी कोसळते, म्हणून वहीत खुल्या वर्गाचा कटऑफही शेजारी लिहून ठेवा.

मग एक दिवस गाडी काढा किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी धरा आणि मधल्या गटातली चार तरी कॉलेजं बघून या. आम्ही ऑफिसात कमी आणि कँटीनमध्ये जास्त बसलो. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारायचं: लॅबमध्ये मशीन स्वतःच्या हातानं चालवायला मिळतं का, प्लेसमेंटला किती जण बसले आणि किती जणांना लागली, पगारांच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला पगार किती. सगळ्यात मोठ्या पगाराचा फलक गेटवर असतोच, तो वाचून घरी यायचं नाही. एका ठिकाणी एका मुलीनं माझ्या पोराला तिचं जर्नल उघडून दाखवलं, स्वतःच्या सर्किटचे फोटो चिकटवलेलं. घरी आल्यावर ते कॉलेज आमच्या यादीत सहा जागा वर सरकलं.

फेऱ्यांचा नियम लक्षात ठेवून वरची सहा नावं पुन्हा तपासा. २०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिले तीन, तिसरीत पहिले सहा, यांपैकी काहीही मिळालं की जागा आपोआप पक्की. म्हणजे प्रत्येक फेरीला यादी नव्यानं लावताना वरच्या सहात 'चाललं तर चाललं' असं एकही नाव नको. नियम दरवर्षी थोडे बदलतात, माहितीपुस्तिकेतलं हे एक प्रकरण घरात मोठ्यानं वाचून घ्या. बेटरमेंट, म्हणजे मिळालेली जागा धरून पुढच्या फेरीत वरचा पर्याय मागणं, घेणार असाल तर पोराला नीट सांगा: पुढच्या फेरीत वरचं मिळालं की आधीची जागा जाते, दोन्ही हातात राहत नाहीत.

लॉक करण्याआधी एक रात्र मध्ये जाऊ द्या. यादीची प्रिंट काढा आणि खालून वर वाचा. धाकटा वाचत होता, मी भाकऱ्या थापत होते. प्रत्येक नावाला मी विचारायची, "जाणार?" तो "जाणार" म्हणायचा. एकोणचाळिसाव्या नावाला तो गप्प राहिला. त्यानं पेन घेऊन ते खोडलं. सकाळी ४० पर्याय भरले आणि पासवर्ड त्यानं स्वतःच टाकला.