खंदक खणायच्या आधी: सातपुड्याच्या पायथ्याशी भ्रंश तपासताना

जलविद्युत प्रकल्पाच्या जागेखाली भ्रंश, म्हणजे जिच्या दोन बाजूंचा कातळ एकमेकांवरून सरकतो अशी भेग, आहे का हे तपासायला चोपडा-यावलकडे जायचं असेल, तर दिवाळी होऊ द्या. पावसाळ्यात घळी पाण्यानं भरलेल्या असतात आणि एप्रिलचं ऊन दुपारी काम करू देत नाही. वनजमीन असेल तर खणण्याची परवानगी आधीच हातात हवी; सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

निघण्यापूर्वी पन्नास हजारी (1:50,000 प्रमाणाचे) नकाशे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आणि उपग्रहचित्रं एकावर एक ठेवून बघा. नाशिकच्या मेरीकडून (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) भूकंपनोंदी मागवा. 14 मार्च 1938 चा सातपुड्यातला 6.3 चा भूकंप आणि 1970 चा भडोचचा, दोन्ही याच नर्मदा-तापी पट्ट्यातले. जलाशय भरण्याच्या बरंच आधीपासून भूकंपमापक बसवायची तरतूदही आताच लिहून टाका. कोयना धरणाजवळच्या भूकंपानंतर हे कुणाला पटवावं लागू नये, तरी लागतं.

चित्रात सरळ रेघ दिसली म्हणून हुरळू नका. धुळे-नंदुरबारकडे डाइकांची दाटी आहे. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या त्या कातळाच्या भिंती वरून हुबेहूब भ्रंशासारख्या दिसतात. काळ्या रानातल्या हात जाईल एवढ्या भेगाही तशाच फसव्या. त्या मातीतले घासून चकचकीत झालेले पापुद्रे बघून मीही एकदा भ्रंश सापडला म्हणून फोन केला होता. माती फुगून-आकसूनही असे पापुद्रे होतात. खरी खूण वेगळी: उनपदेवसारखे गरम पाण्याचे झरे एका ओळीत आहेत का बघा, आणि बोअरवाल्याला विचारा. एका बांधावर शंभर फुटांत कातळ आणि पलीकडच्या बांधावर चारशे फुटांनाही गाळच लागत असेल, तर तिथे थांबायचं.

खंदक तिथेच, रेघेला आडवा घ्या. दीड मीटरच्या खाली टेकू दिल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. भिंत खुरपीनं तासून साफ करा, खिळे-दोरीनं मीटर-मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक थराची रेघ कागदावर उतरवा. थराचं वय काढायला कोळसा मिळाला तर हात न लावता चिमट्यानं फॉइलमध्ये. वाळूचा नमुना लोखंडी नळी ठोकून घ्यायचा आणि तोंडं लगेच काळ्या टेपनं बंद करायची, कारण वाळू किती काळ अंधारात गाडलेली होती यावरून वय काढतात; उजेड लागला की वय गेलं. सगळा प्रश्न एकच: तुटलेल्या थरावरचा न तुटलेला थर किती जुना? होलोसीनमधला, म्हणजे गेल्या 11,700 वर्षांतला थर तुटलेला असेल, तर भ्रंश जागा, म्हणजे अजून सरकू शकणारा, धरा.

मग धरणाची, बोगद्याची आणि पेनस्टॉकची (टर्बाइनला पाणी नेणाऱ्या मोठ्या नळाची) रेघ हलवण्याचा प्रस्ताव तयार ठेवा. हादऱ्यासाठी काँक्रीट वाढवता येतं, पण पायाखालची जमीनच सरकली तर उपाय उरत नाही. तैवानचं शिहकांग धरण 21 सप्टेंबर 1999 ला असंच तुटलं; एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे आठ मीटर जास्त वर उचलली गेली.

खंदक बुजवताना वरची काळी माती वेगळ्या ढिगात ठेवलेली असू द्या. शेतकऱ्याला तीच वर हवी असते.