जुन्या ओम्नीचं हेड बदलताय? या चुका टाळा

मारुतीने ओम्नी २०१९ मध्ये बंद केली, पण नागपुरात ती अजूनही भाजी वाहते, शाळेची पोरं नेते, केटररची भांडी ओढते. म्हणजे गॅरेजात येणारी प्रत्येक ओम्नी आता जुनीच. अशा गाडीचं हेड, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवरचा झाकणासारखा भाग, उतरवताना सगळ्यात जास्त रडवतात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (हेडमधला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचे) गंजलेले नट, आणि तिथे सगळे तीच ती चूक करतात.

ती चूक म्हणजे जोर. नट हलला नाही की पान्यात पाइप घालायचा आणि अंग टाकायचं. स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेला, नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, जेमतेम आठ एमएमचा, वर्षानुवर्षं तापून-निवून गंजाने खाल्लेला. नट सुटायच्या आधी तोच तुटतो, तोही बरोबर हेडला लागून.

वाडीकडच्या एका गॅरेजातून माझ्याकडे असंच एक हेड आलं होतं. मे महिना, केटररची गाडी, ऐन लग्नसराई, आणि मिस्त्रीला संध्याकाळपर्यंत काम संपवायचं होतं. स्टड तुटला. पंचने मधोमध खूण न करताच त्यात ड्रिल घातलं, ते तिरकं गेलं. मग त्या तिरक्या भोकात इझी-आउट (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) ठोकून फिरवलं, तर तेही आत मोडलं. इझी-आउट कडक पोलादाचं असतं, साधं ड्रिल त्यावरून घसरतं आणि बाजूचं मऊ ॲल्युमिनिअम खात सुटतं. शेवटी हेड हिंगणा एमआयडीसीत स्पार्क इरोजनला (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवायच्या मशीनवर) पाठवलं, तुकडा जाळून काढला, हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून नवे आटे केले. तोवर केटररच्या लग्नाच्या ऑर्डरींच्या तारखा निघून गेल्या होत्या. दुपारची दोन तासांची घाई तेवढ्याला पडली.

माझी सवय सांगतो. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे घासायचे, मग गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवायचं. न घासता तेल टाकलं तर ते वरच्या गंजातच मुरतं. सकाळी स्टडच्या टोकावर हलके ठोके, सहा कोनांची गोटी (सॉकेट पाना), आणि नट आधी केसभर आवळायचा, मग सोडायचा. किरकिरला की परत मागे, पुन्हा तेल. तरीही हटला नाही तर हट्ट सोडायचा. खालचा सायलेन्सर पाइप वेगळा करून हेड मॅनिफोल्डसकट उचलायचं आणि बाकीचं टेबलावर करायचं. तिथे नटाला गॅसची आंच देता येते. गाडीत, पेट्रोलच्या पाइपाशेजारी, आणि एलपीजी किट असेल तर अजिबातच, आंच लावू नका. स्टड तुटलाच आणि थोडा वर उरला असेल, तर त्यावर नट वेल्ड करा आणि निवू द्या. त्या उष्णतेनेच आतली पकड सुटते. इझी-आउट मी सगळ्यात शेवटी हातात घेतो.

दुसरी चूक: हेड का गेलं हे न शोधता नवं बसवणं. या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत, आणि इथे लोक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात! क्षार जमून नळ्या अर्ध्या बुजतात. वर कुणीतरी ‘गरमीत लागत नाही’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनच्या तापमानानुसार कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला असतो. मला या शॉर्टकटचा मनापासून राग येतो. रेडिएटर साफ केला नाही, पंखा आणि थर्मोस्टॅट तपासला नाही, कूलंट भरलं नाही, तर हेडखालची नवी गॅसकिटही (सांधा बंद ठेवणारी चकतीही) पुढच्या उन्हाळ्यात उडणार.

हेड गरम असताना बोल्ट सोडू नका, ते वाकतं. सोडताना बाहेरून आत, आवळताना मधून बाहेर, आणि टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, हवाच. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांची हेडं मी बरीच पाहिली आहेत. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकात तेल-पाणी राहिलं तर टॉर्क खोटा दाखवतो, ब्लॉक तडकूही शकतो, म्हणून हवा मारून भोकं कोरडी करा. हेडवर सरळ पट्टी ठेवा; ०.०५ एमएमचं फीलर गेजचं पातं खालून सरकलं तर हेड सर्फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, पाठवा. ग्राइंडरची पॉलिश डिस्क फिरवू नका, खड्डे पडतात आणि तिची भुकटी बेअरिंग खाते. भंगारातलं हेड घेतलं तर आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे तडा आहे का ते दाब देऊन बघणं.

जुने स्टड पुन्हा वापरू नका. नवे स्टड आणि पितळी नट लावा, पुढच्या वेळी ते निमूट सुटतात.

ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे मॅनिफोल्ड गळला तर धूर थेट आत, पोरांच्या नाकात जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. म्हणून गाडी शेडबाहेर उभी करून थंड इंजिन सुरू करा, सायलेन्सरच्या तोंडाशी जाड कापड क्षणभर दाबून धरा आणि सीट उचलून ऐका. फुसफुस आली तर नट आणि गॅसकिट पुन्हा बघा, तोवर त्या गाडीत कुणाला बसवू नका.